गाणी भरणे



'गाणी भरणे' हा शब्दप्रयोग मराठीत कोणी आणला कोण जाणे, पण मला तो फार आवडतो. आपण पाणी भरतो, बरणी भरतो, फी भरतो, लेकीची ओटी भरतो. तशी दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोबाइलमध्ये गाणी भरत असत. भाईंदर स्टेशनाबाहेर मोबाइलच्या दुकानात एक पोरगा संगणकापुढे बसलेला असायचा. त्याला मेमरी कार्ड काढून द्यायचं आणि सांगायचं, "जुनी मराठी भर, थोडे अभंग भर, वरून लग्नाची भर." वीस-तीस रुपयांत तो कार्ड गच्च भरून द्यायचा. त्यात तुम्ही न मागितलेली पन्नास गाणी असायची, आणि मागितलेलं एक हमखास नसायचं. हा सगळा व्यवहार बेकायदा होता हे उघड आहे. (ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्याने प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, आणि तो पोरगा काही 'साठ वर्षं झाली का?' असं विचारून गाणी भरत नसे.) पण कामगार, मासे विकणाऱ्या बायका, रिक्षावाले यांच्या खिशात आवडीचं गाणं पोचवलं ते त्या पोराने, हेही तितकंच खरं.

२०१६ साली स्वस्त फोर-जी आलं आणि ही 'भराई' बसली. आता गाणं भरावं लागत नाही, नळासारखं येतं. माझा नातू कॉलेजात आहे, हुशार आहे, पण 'संगणकातली फाइल फोनमध्ये कशी टाकायची?' असं विचारल्यावर तो थबकला. "आजोबा, लिंक पाठवा ना," म्हणाला.

आता सांगायचं ते हे, की काही गाण्यांना लिंकच नसते.

माझ्याकडे अशी बरोबर एक तासाची गाणी आहेत. माझी आई आणि माझी अक्का जात्यावर हळद दळताना म्हणत होत्या त्या ओव्या. साल १९८६, वैशाख महिना, मुळशी तालुक्यात अक्काच्या घरी तिच्या थोरल्या लेकीचं लग्न. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. जातं वळचणीला पडलेलं असे, डाळ भरडायची किंवा मेतकूट करायचं तेवढ्यापुरतं निघे. पण लग्नाची हळद गिरणीतून आणायची नाही, असा आईचा दंडक. मी तेव्हा चौतिशीचा, शाळेत मास्तर, आणि नवीनच घेतलेला टू-इन-वन मिरवायला बरोबर नेलेला. तो पाटावर ठेवला, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घातली आणि दोन्ही बटणं दाबली. आई बासष्टची होती, अक्का बेचाळीसची. आईला सांगितलंसुद्धा नव्हतं की हे चालू आहे. अर्ध्या तासाने 'खट्' असा आवाज आला तेव्हा तिने दचकून विचारलं, "काय मोडलं रे?" तोवर एक बाजू संपली होती. मी कॅसेट उलटली. आई १९९४ साली गेली. तिच्या आवाजाचं दुसरं काहीही आमच्याकडे नाही.

एक तासाची कॅसेट म्हणजे किती फीत, याचा हिशोब मी एकदा मुलांना फळ्यावर करून दाखवला होता. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे साधारण ८६ मीटर. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही कॅसेट बाजारात आणली, आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकात तिने घराघरांत गाणं नेलं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती कोरी मिळायची. तबकडी फक्त ऐकता येते. कॅसेटवर आपल्या घरचा आवाजही धरता यायचा. आज हातातल्या फोनवर पोरंटोरं काहीही रेकॉर्ड करतात म्हणून त्याचं अप्रूप वाटत नाही, तेव्हा ती जादू होती.

या ८६ मीटर फितीचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही तारोडीला राहायला आलो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे टाकत इकडे येता येतं. समुद्र जवळ, खाऱ्या वाऱ्याचा मुलूख. माणसाला बरी हवा, यंत्रांना वाईट. दोन पावसाळ्यांत माझी अर्धी पुस्तकं पिवळी पडली आणि कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली. ते बघून धाकट्या मुलाने २००९ साली ही कॅसेट संगणकावर उतरवून घेतली होती. त्यात अवघड काही नव्हतं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या भोकात, आणि 'ऑडॅसिटी' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम. फक्त तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्यात लबाडी चालत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे जण घरात कुजबुजत वावरलो होतो. खरं तर वायरमधून जाणाऱ्या आवाजात आमचं बोलणं मिसळणार नव्हतं, पण तसं वागावंसं वाटलं.

त्या वेळी केलेली एक सीडीही होती. तिचा चंदेरी थर कडेने सुटलाय, वाचली जात नाही. कॅसेट तर नंतर एकदा यंत्रात गुंतून तुटली. म्हणजे आता उरला तो संगणक. विंडोज एक्सपीचा, घरातल्या म्हाताऱ्या बैलासारखा कोपऱ्यात ठेवलेला. यंदा होळीच्या सुमारास तो 'टक्... टक्...' करायला लागला.

हार्ड डिस्क म्हणजे आतमध्ये तबकडी असते, ती मिनिटाला ७,२०० फेरे फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावरून एक सुई तरंगत असते. तो टक्टक आवाज आला की समजावं, सुईला जागा सापडत नाही. एका दुरुस्तीवाल्याकडे चौकशी केली (नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नाही), तर तो म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देतो, नवा होईल." नवा होईल! माझ्या आईचा आवाज पुसून संगणक नवा होईल! मी त्याला नमस्कार केला आणि घरी आलो.

दुसरीकडे अक्का. ती आता एक्याऐंशीची. काचबिंदूने तिची दृष्टी गेल्या तीन-चार वर्षांत जवळजवळ गेली. ती भाच्याकडे पौडच्या पलीकडे राहते, तिथे घरात नेट कधी येतं, कधी येत नाही. टचस्क्रीन तिच्या कामाचा नाही, गुळगुळीत काचेवर आंधळ्या माणसाने काय चाचपडायचं? दिवसभर ओसरीवर बसून असते. संक्रांतीला फोनवर बोलताना म्हणाली, "अरे, आईच्या त्या ओव्या तुझ्याकडं आहेत ना? मरायच्या आधी एकदा ऐकव." तिने ते अगदी सहज म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. माझ्या मात्र डोक्यात बसलं.

नातवाने सुचवलं की 'कारवां' घेऊ. तो जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, २०१७ पासून मिळतो, त्यात पेनड्राइव्हही लागतो. सूचना चांगली होती. पण अक्काला ओसरीवरून गोठ्यात, गोठ्यातून देवळात सगळीकडे बरोबर नेता येईल असं हवं होतं. शेवटी ठरलं ते साधा बटणांचा फोन. यात मेमरी कार्ड बसतं, बत्तीस जीबीपर्यंतचं. बॅटरी आठवडाभर टिकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ५ च्या बटणावर एक बारीक टिंब असतं. ते बोटाला लागतं. तुमच्या फोनला असेल तर चाचपून बघा. ते न बघता आकडे ओळखण्यासाठीच केलेलं असतं. या फोनवर गाणी लावली की ५ दाबून थांबतं आणि ५ दाबूनच पुढे चालतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम, डिस्क आवाज करत असेल तर बाकी सगळी सफाई-बिफाई बाजूला ठेवून आधी हवी ती फाइल उचलायची. मी संगणक सुरू केला, देवाचं नाव घेतलं आणि पेनड्राइव्ह लावला. मूळ फाइल 'वेव्ह' प्रकारची, म्हणजे आवाज आहे तसा, काहीही न दाबता ठेवलेला. मिनिटाला साडेदहा एमबी, तासाची ६३५ एमबी. ती पट्टी पुढे सरकायला लागली. सत्तर टक्क्यांवर अडली. टक्. टक्. सूनबाई चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. दोनेक मिनिटांनी पुढे सरकली आणि पूर्ण झाली. त्यानंतर तो संगणक आणखी चार दिवस चालला.

पेनड्राइव्हवरून ती नातवाच्या लॅपटॉपवर घेतली, तिथून क्लाउडवरही टाकली. (नातवाचं समाधान. आणि खरं सांगायचं तर माझंही.) मग एमपी-थ्री करायला घेतलं, कारण साध्या फोनला तेच सोपं पचतं. तासाची फाइल ५८ एमबीवर आली, अकरापट लहान! हे कसं होतं, याचं मला नेहमी नवल वाटायचं म्हणून एकदा वाचून काढलं होतं. जर्मनीत एर्लांगेनला फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र बसवलं. युक्ती अशी, की मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासचे बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत. मग ते साठवायचे कशाला? टाकून द्यायचे. ब्रँडेनबुर्ग यांनी परीक्षेसाठी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे साथीविना म्हटलेलं गाणं वापरलं होतं. ते आधी इतकं वाईट ऐकू येई की तंत्र पुन्हा पुन्हा सुधारावं लागलं. वाद्यांच्या गर्दीत काहीही खपून जातं. एकट्या बाईचा उघडा आवाज मात्र सगळं उघडं पाडतो. फाइलींना 'एमपी-थ्री' हे शेपूट लावायचं त्यांनी १९९५ च्या जुलैमध्ये ठरवलं.

माझ्याकडे तर एकट्या बाईचा आवाज आणि मागे जात्याची घरघर! म्हणजे यंत्राला दुहेरी कोडं. कारण ती घरघर हा मोठा आवाज, आणि यंत्र म्हणणार की तिच्याखालचं बारीक काही नको. फाइल फार दाबली तर आईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायला लागला. म्हणून कमी जागेचा मोह टाळला आणि १२८ वर थांबलो. बत्तीस जीबीच्या कार्डात कंजुषी करायची कशासाठी?

या घरघरीवरून नातवाशी चांगलाच वाद झाला. ऑडॅसिटीत एक सोय आहे. नुसता गोंगाट असलेला तुकडा दाखवायचा, की ती तो गोंगाट ओळखून सगळ्या फाइलमधून उपसून काढते. त्याने मला न विचारता ते करून आणलं. "आजोबा, आता पणजीचा आवाज क्लीन येतो बघा." ऐकलं. आई कुठेतरी विहिरीत बसून गातेय असं वाटलं. शिवाय ओवी मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते, ते का, हेच कळेना. अहो, ती घरघर म्हणजे गोंगाट नव्हे, तो ठेका आहे. खुंटा पुढे गेला की शब्द, मागे आला की हुंकार. मूठ वैरायला हात जातो तेव्हा ओवीतही जरा जागा पडते. हार्मोनियम-तबला काढून गाणं ऐकण्यासारखंच ते झालं. मी त्याला म्हटलं, "हे तुझ्याजवळ ठेव, अक्काला आहे तसंच जाईल." तो हिरमुसला, पण नंतर दोन्ही ऐकून म्हणाला की कोंबडाही गेला होता म्हणून. मूळ फाइलीत एक कोंबडा आहे, एसटीचा भोंगा आहे, आणि 'गूळ कुठं ठेवलाय?' असं ओरडणारं एक माणूस आहे. ते आमचे मेहुणे. तेही आता नाहीत.

मग तुकडे केले, चौदा. सलग तासाची फाइल अक्काला चालवता आली नसती. माहेराच्या एका जागी, भाऊरायाच्या एका जागी, राम-सीतेच्या, पंढरीच्या, लेकीच्या सासरच्या. जात्यावर बसलेली बाई काही अनुक्रमणिका घेऊन बसत नाही, त्यामुळे सीतेच्या वनवासातून एकदम भावाच्या बैलजोडीवर उडी असते. जिथे आईने दम घेतला तिथे कापलं.

आता नावं. मी हौसेने मराठीत नावं दिली. कार्ड फोनमध्ये घातलं तर सगळीकडे चौकोन चौकोन! या साध्या फोनला देवनागरी फाइलनावं वाचता येत नाहीत. मग आकडे दिले. त्यातही गंमत अशी, की नुसतं १, २, ३ दिलं तर यंत्र १ नंतर १० घेतं, मग ११, आणि २ चा नंबर थेट चौदानंतर. अक्षरांच्या क्रमाने आकडे लावणारं यंत्र! म्हणून ०१, ०२ असं शून्य आधी लावावं. आमच्या हजेरीपटावर असं कधी करावं लागलं नाही. आणखी एक, काही स्वस्त यंत्रं नावाकडे बघतच नाहीत, ज्या क्रमाने फायली कार्डावर पडल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून चौदाच्या चौदा एकेक करून टाकल्या.

यात वायरीचा एक घोळ झाला, तो सांगायलाच हवा, कारण तुमच्यापैकी पुष्कळांचा वेळ त्यात जात असेल. फोन संगणकाला जोडला, चार्जिंग चालू झालं, पण संगणकाला फोन दिसेना. पोर्ट बदलला, फोन बंद-चालू केला. शेवटी कळलं की ती वायर एका बॅटरीच्या दिव्याबरोबर आलेली होती. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त वायरीत माहितीच्या तारा घालतच नाहीत. बाहेरून दोन्ही सारख्याच. घरातल्या चांगल्या वायरीला मी लाल दोरा बांधून ठेवला आहे. आणि अँड्रॉइड फोन असेल तर वायर चांगली असूनही तो आधी फक्त चार्जिंगच करतो. वरून पडदा खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं. झालं की वायर हिसकू नका. 'सेफली रिमूव्ह' म्हणा, कारण पट्टी पूर्ण दिसली तरी आत लिहिणं थोडं मागे असू शकतं. आयफोनचं निराळंच. तिथे गाणं नुसतं चिकटवता येत नाही, त्यांच्याच प्रोग्राममधून जावं लागतं. जिच्या लग्नाची ती हळद होती त्या भाचीकडे तो आहे. तिच्या मुलाने खटपट करून तिच्या फोनवर घातल्या. तिने दोन ऐकल्या आणि मला फोन केला, "मामा, बाकीच्या नंतर ऐकीन." भाची आता साठीची आहे.

अक्काला दिसत नाही, मग ०७ कुठली आणि ०९ कुठली हे तिला कसं कळायचं? यावर मी मास्तरी तोडगा काढला. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला माझ्या आवाजात दोन-तीन शब्द जोडले, "सात, सीतेच्या," "नऊ, भाऊरायाच्या." वर्गात हजेरी घेतो तसा आवाज लागला, त्याला इलाज नाही.

हे सगळं चाललं असताना मी पुन्हा एकदा तो ओव्यांचा प्रकल्प उघडून बसलो. गी पॉइतवाँ, मूळचे फ्रान्सचे, आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यात राहून, मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रणही झालं. हजाराच्या वर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. दोघंही आता हयात नाहीत. साईनाथांच्या 'पारी' या संस्थेने २०१७ पासून त्या ओव्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत, बायकांच्या आवाजासकट. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये छापल्या, सरोजिनीबाई बाबरांनी जन्मभर लोकसाहित्य जमवलं, ते सगळं आम्ही बी.ए.ला कागदावर वाचलं. पण कागदावर जातं फिरत नाही. इथे फिरतं. आमच्याच तालुक्यातल्या बायका, आमच्याच बोलीत. ऐकता ऐकता आईची म्हणून मला पाठ असलेली एक ओवी तिथे एका परक्या बाईच्या तोंडून ऐकू आली, फक्त भावाचं नाव वेगळं. क्षणभर राग आल्यासारखं झालं. मग मनात आलं, की आईनेही ती कुणाकडून तरीच घेतली असणार. तिचं माहेर मुळशीच्या धरणाखाली गेलं तेव्हा ती पाळण्यात होती. घर, शेत, जातं काही आलं नाही, पण तिच्या आईबरोबर ओव्या आल्या असतील. तेव्हा त्यांना ना कार्ड लागलं ना वायर. त्यातला आवाज तेवढा आपला, बाकी सगळं सगळ्यांचं.

आमच्या तारोडीतही हे चालू असतं. इथल्या आगरी लग्नांत धवलारीण बसून धवले म्हणते. ईस्ट इंडियन मंडळींत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला जातात तेव्हा घुमट वाजतो. शेजारच्या आजींच्या नातवाने मला वायरीशी झटताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आजींचा फोन घेऊन आला. त्यात आत्याच्या लग्नातली गाणी होती, भरलेल्या फोनमध्ये कोंबलेली. ती मी संगणकावर उतरवून दिली. आजींनी बोंबील पाठवले. आम्ही खात नाही, पण सूनबाई खाते, ती खूश.

एप्रिलमध्ये पौडला गेलो. फोन अक्काच्या हातात दिला, बोट ५ च्या टिंबावर ठेवलं आणि म्हटलं, "दाब."

"एक, माहेराच्या," माझा आवाज आला.

"अरे, हा कोण मध्ये बोलतोय?"

"मीच."

"आईच्या आधी तू कशाला? गप की."

मग घरघर सुरू झाली. अक्काची मान आपोआप त्या लयीत हलायला लागली. आईचा आवाज यायच्या आधीच ती म्हणाली, "जातं जड चाललंय. हळद आहे. हळकुंडं नीट कांडली नव्हती त्या दिवशी." एकोणचाळीस वर्षांपूर्वीची हळद, नुसत्या आवाजावरून! आणि नातू ती घरघर काढून टाकायला निघाला होता.

आई गायला लागली. अक्काने काही केलं नाही, डोळे पुसले नाहीत की काही नाही, नुसती ऐकत राहिली. दुसरी ओवी झाली, तिसऱ्या ओवीला दुसरा आवाज मिसळला, उंच आणि घट्ट, आईच्या वरून जाणारा. अक्का थांबली.

"ही दुसरी कोण रं?"

"ओळख."

"धाकटी काकू का? नाही, काकू घोगरी होती." तिने ५ दाबलं, पुन्हा चालू केलं. "फार चांगला गळा आहे बाईचा. कोण आहे?"

आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही, कारण आपण तो डोक्याच्या हाडांतूनही ऐकत असतो, आणि टेपवर येतो तो नुसता हवेतून. शिवाय तो बेचाळिशीतला. अक्काने कधी स्वतःला ऐकलंच नव्हतं. कॅसेट माझ्याकडे, ती तिकडे, तिच्या घरी टेपरेकॉर्डर नाही.

"अक्का, ती तूच आहेस."

"जा, काहीतरीच."

भाचेसून स्वयंपाकघरातून बाहेर आली, ऐकून म्हणाली, "खरंच आत्याबाई, तुम्हीच." तेव्हा कुठे पटलं. मग म्हणाली, "हो का?" आणि फाइल पहिल्यापासून लावायला सांगितली. त्या दुपारी आम्ही चौदाही ऐकल्या. सहावीच्या शेवटी कॅसेटची पहिली बाजू संपते, आणि सातवी भलत्याच ठिकाणी सुरू होते, कारण कॅसेट उलटेपर्यंत त्या दोघी काही थांबल्या नव्हत्या. अक्का तिथे अडली. "इथं दोन ओव्या राहिल्या," म्हणाली. आणि म्हणायला लागली. आवाज आता थरथरतो, वरच्या सुरात फाटतो, पण शब्द एकही अडला नाही. मी खिशातला फोन काढून चालू करेपर्यंत पहिली ओवी होऊन गेली होती. दुसरी मिळाली. मग तिला पहिली पुन्हा म्हणायला लावली. ती म्हणाली, "जात्याशिवाय नीट येत नाही." भाच्याने गोठ्यातलं जातं दाखवलं. वरची तळी आहे, खुंटा मोडलाय.

दर आठवड्याला तिचा फोन येतो. परवा तक्रार होती की बारा नंबरनंतर फोन आपोआप एकवर येतो, तेरा-चौदा लागतच नाहीत. कार्ड काढून पुन्हा घालायला भाच्याला सांगितलंय, नाही झालं तर मी दिवाळीत जाणारच आहे. तेव्हा लाल दोऱ्याची वायर घेऊन जाईन. त्या दोन ओव्या ०६ आणि ०७ च्या मध्ये घालायच्या तर पुढच्या सगळ्या फायलींचे नंबर बदलावे लागतील आणि माझ्या आवाजातले आकडेही पुन्हा म्हणावे लागतील. अक्का म्हणते, आकडे म्हणूच नकोस. भाच्याने बाभळीचा नवा खुंटा करायला टाकला आहे.